औलीचा उतार आणि जोशीमठाची जमीन

बर्फावरून घसरत जाण्याचा खेळ, म्हणजे स्कीइंग, महाराष्ट्रातील बहुतेक कुटुंबांनी आजवर चित्रपटांतच पाहिला. अलीकडे मात्र हिवाळ्यातील सहलीचा विषय निघाला की घरातील तरुण मंडळी नुसता बर्फ पाहून परतण्यावर समाधानी नसतात. त्यांना बर्फावर काही शिकायचे असते. आल्प्सचा खर्च आणि व्हिसाची यातायात नको असेल, तर उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातील औली हे नाव हमखास पुढे येते. पाहुण्यांची सोय करणाऱ्या कंपन्या या सहलीचे चार दिवसांचे ठरीव वेळापत्रक हाती ठेवतात. ते वेळापत्रक बारकाईने वाचल्यास असे दिसते, की त्यातील दोन दिवस वाहनात जातात, एक दिवस छायाचित्रांत जातो आणि शिकण्यासाठी जेमतेम एक सकाळ उरते. औलीला जायचे तर अशा रीतीने जाऊ नये.

नवशिक्यासाठी औली सोयीची का, हे आधी पाहिले पाहिजे. येथील उतार सुमारे २५०० ते ३०५० मीटर उंचीच्या पट्ट्यात पसरले आहेत. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे, हे लक्षात घेतल्यास या उंचीची कल्पना येईल. उन्हाळ्यात हे उतार म्हणजे गवताची कुरणे असतात. खाली देवदार आणि बांज यांचे रान, वर मोकळे माळ. उतारांचे तोंड साधारण उत्तरेकडे असल्याने बर्फ लवकर विरघळत नाही. खालच्या भागातील उतार रुंद आहेत आणि त्यांवर खडक नाहीत. शिकणाऱ्याला पडायला भरपूर जागा लागते, आणि ती येथे आहे. युरोपात सोप्या उतारांना हिरवा किंवा निळा रंग देतात. शंभर मीटर आडव्या अंतरात पंचवीस मीटरांहून अधिक उतरण नसावी, हा निळ्या उताराचा साधारण दंडक. औलीचा खालचा भाग या हिशेबात बसतो. वरच्या बाजूची सुमारे तेराशे मीटरची धाव मात्र स्पर्धेसाठी आहे. जानेवारी २०११ मध्ये पहिल्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतील बर्फावरचे प्रकार येथेच झाले. भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची गिर्यारोहण व स्कीइंग संस्थाही औलीतच आहे. हे जवान ज्या उतारावरून सहज उतरतात तो पाहून पहिल्याच दिवशी कोणी स्फुरण चढवून घेऊ नये, एवढेच.

काश्मीरमधील गुलमर्गही नवशिक्यांना चालते. तेथील बशीसारखे मैदान औलीहूनही सौम्य आहे आणि बर्फाची खात्रीही अधिक. पण तेथील गोंडोलाचा दुसरा टप्पा प्रवाशाला ३९०० मीटरांच्या पुढे नेतो, आणि तेथून उतरणे शिकाऊ माणसाचे काम नव्हे. मनालीजवळचे सोलंग दोन तासांच्या हौसेसाठी ठीक. ज्याला आठवडाभर एका जागी राहून शिकायचे आहे, गर्दी नको आहे आणि समोर नंदादेवी हवी आहे, त्याने औली निवडावी. ७८१६ मीटर उंचीचे हे शिखर स्वच्छ सकाळी येथून इतके जवळ भासते, की शिकवणाऱ्याच्या सूचनांकडे दुर्लक्ष होते.

आता तारखांचा प्रश्न. हंगाम साधारणतः डिसेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या आरंभापर्यंत असतो; त्यातही जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी भरवशाचे. नाताळच्या सुट्टीत गर्दी सर्वाधिक आणि बर्फ पुष्कळदा सर्वांत कमी, असा उलटा हिशेब असतो. भरवशाचे म्हटले तरी तो भरवसा पूर्वीचा राहिलेला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये औलीत ठरलेल्या स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी रद्द कराव्या लागल्या. कृत्रिम बर्फ तयार करणारी यंत्रे येथे आहेत, त्यांच्यासाठी पाण्याचे तळेही बांधले आहे. परंतु हवा शून्याच्या खाली पुरेशी उतरल्याखेरीज यंत्रही बर्फ देत नाही. म्हणून आगाऊ पैसे भरताना रद्द करण्याच्या अटी प्रथम वाचाव्यात आणि दर नंतर विचारावा. अंदाजपत्रकात जसा आकस्मिक खर्चाचा रकाना असतो तसा आकस्मिक दिवसांचाही असावा. किमान दोन.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांनी रेल्वेने हरिद्वार किंवा ऋषिकेश गाठावे, अथवा विमानाने डेहराडून. ऋषिकेशपासून जोशीमठ सुमारे अडीचशे किलोमीटर. नकाशावर हे अंतर पुणे-कोल्हापूरएवढे दिसते, प्रत्यक्षात नऊ-दहा तास घेते, आणि दरड कोसळली तर त्याला हिशेबच नाही. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे एकेक संगम मागे पडत जातात. हिवाळ्यात डोंगरात दिवस लवकर मावळतो. अंधारात या रस्त्यावर असू नये. वयस्कर मंडळी बरोबर असल्यास वाटेत एक मुक्काम करावा आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जोशीमठला पोहोचावे.

बहुतेक वेळापत्रकांत जोशीमठ म्हणजे केवळ वाहन बदलण्याची जागा असते. शासकीय दप्तरात आता या तहसिलाचे नाव ज्योतिर्मठ झाले आहे. आद्य शंकराचार्यांशी जोडलेल्या चार पीठांपैकी उत्तरेचे पीठ येथे आहे. बदरीनाथाचे द्वार हिवाळ्यात बंद झाले की शंकराचार्यांची गादी येथील नृसिंह मंदिरात आणतात. या मंदिरातील नृसिंहमूर्तीचा एक हात हळूहळू कृश होत आहे आणि तो गळून पडेल त्या दिवशी बदरीनाथची वाट कायमची बंद होईल, अशी स्थानिक श्रद्धा आहे. डोंगर कधीतरी ढासळेल ही जाणीव येथील लोककथेत फार पूर्वीपासून मुरलेली असावी.

शास्त्रज्ञांची जाणीवही नवी नाही. १९७६ मध्ये गढवालचे तत्कालीन आयुक्त एम. सी. मिश्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्पष्ट लिहून ठेवले होते, की हे गाव अखंड खडकावर वसलेले नसून जुन्या दरडीच्या वाळू-दगडांच्या ढिगावर वसलेले आहे. येथे जड बांधकामे नकोत, उतारावरचे मोठे दगड सुरुंगाने उडवू नयेत, झाडे लावावीत आणि सांडपाण्याचा निचरा नीट करावा. त्यानंतरच्या साडेचार दशकांत गावात बहुमजली हॉटेले उभी राहिली, रस्ते रुंद झाले, खालच्या खोऱ्यात जलविद्युत प्रकल्पाचे बोगदे खोदले गेले. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी ऋषिगंगेला आलेल्या महापुराने तपोवनजवळचे प्रकल्पाचे काम आणि तेथील कामगार वाहून नेले. ज्या रैणी गावच्या स्त्रियांनी १९७४ मध्ये गौरादेवींच्या नेतृत्वाखाली झाडांना मिठी मारून जंगलतोड थांबवली होती, ते गावही याच ऋषिगंगेच्या काठी, जोशीमठापासून फार दूर नाही.

मग जानेवारी २०२३ उजाडला. घरांच्या भिंतींना, अंगणांना, रस्त्यांना तडे गेले. आठशेहून अधिक इमारतींवर त्याची नोंद झाली आणि शेकडो कुटुंबांना थंडीच्या ऐन भरात घर सोडावे लागले. २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत जमीन सुमारे ५.४ सेंटिमीटर खचल्याचे उपग्रह-चित्रांच्या प्राथमिक पाहणीत आढळले. जोशीमठ ते औली हा सुमारे चार किलोमीटरचा, दहा खांबांवरून जाणारा रोपवे त्याच वेळी बंद करण्यात आला. आजही कित्येक माहितीपत्रकांत त्या रोपवेचे रंगीत छायाचित्र छापलेले असते. आखणी करणाऱ्याने तो नाहीच असे धरून चालावे आणि सुमारे पंधरा किलोमीटरच्या घाटरस्त्याने वर जाण्याची तरतूद करावी. बर्फ पडलेला असताना चाकांना साखळी लावणारा स्थानिक चालकच घ्यावा; आपली मोटार आपण हाकण्याची हौस येथे आवरावी. औलीच्या आतील आठशे मीटरची चेअरलिफ्ट ही वेगळी सोय आहे. ती सुरू आहे की नाही, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

अशा ठिकाणी मुळात जावे काय, हा प्रश्न कोणाही विचारी माणसाला पडेल. खचणाऱ्या डोंगरावर आणखी गाड्या आणि आणखी माणसे न्यायची काय? उलट बाजूही तितकीच खरी आहे. बदरीनाथची यात्रा उन्हाळ्यात असते. हिवाळ्यात जोशीमठच्या चालकाला, खानावळीला, बर्फावर शिकवणाऱ्या तरुणाला मिळकत असते ती औलीच्या पाहुण्यांचीच. ज्याच्या घराला तडा गेला आहे त्याच्या दुकानावरही बहिष्कार टाकणे, हा काही डोंगराचा कैवार नव्हे. फरक पडतो तो कोण कसे जाते याने. जून २०१९ मध्ये औलीच्या कुरणांवर एका धनाढ्य घराण्याची लग्ने झाली. त्यानंतर मागे राहिलेल्या कचऱ्याचे ढीग उपसायला कित्येक दिवस लागले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. चौघांच्या कुटुंबाने आठ दिवस एखाद्या लहान, स्थानिक मालकाच्या निवासात राहणे, आणि चाळीसजणांच्या बसने दुपारी येऊन संध्याकाळी परतणे, यांत डोंगरावरचा भार आणि गावातली मिळकत या दोन्ही रकान्यांत मोठे अंतर आहे. पहिला पर्याय निवडावा. गाडी एकदाच वर जाते, पैसा मात्र रोज गावात राहतो.

पहिली रात्र जोशीमठात काढण्यात प्रकृतीचाही लाभ आहे. गाव सुमारे १८९० मीटरवर आहे. एक रात्र तेथे विसावून मग वर चढले की विरळ हवेचा त्रास पुष्कळ कमी होतो. डोके दुखणे, मळमळ, झोप न येणे ही लक्षणे दिसली तर खाली उतरणे हाच उपाय; थोडे थांबून पाहू, असे म्हणू नये. हृदयविकार, दमा किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी घरच्या डॉक्टरांना विचारूनच बेत ठरवावा. कपड्यांत सुती टाळावे, कारण ते भिजले की वाळत नाही. लोकर किंवा कृत्रिम धाग्याचे दोन-तीन थर आणि वर पाणी न शिरणारा एक. काळा चष्मा ही चैन नव्हे. ताजा बर्फ सूर्याच्या अतिनील किरणांचा मोठा भाग परत डोळ्यांवर फेकतो. पायमोजा मात्र एकच, जाड आणि लांब. पुष्कळजण थंडीच्या धास्तीने दोन घालतात. त्यामुळे बूट आवळतो, रक्त फिरत नाही आणि बोटे अधिकच गारठतात.

गढवाल मंडल विकास निगम औलीत सात आणि चौदा दिवसांचे अभ्यासवर्ग चालवीत आला आहे. स्थानिक शिक्षक तासांच्या किंवा दिवसांच्या हिशेबानेही मिळतात. पण निदान चार सलग सकाळी एकाच शिक्षकाकडे शिकावे. साहित्य भाड्याने मिळते. बूट निवडण्यात घाई करू नये. टाच घट्ट बसली पाहिजे आणि बोटे किंचित हलली पाहिजेत. बूट व पट्टी यांना जोडणारी कळ माणसाच्या वजनाप्रमाणे बसवतात, म्हणजे पडताना पाय पिळवटण्याआधी ती सुटते. म्हणून वजन विचारले असता खरे सांगावे. येथे पाच किलो कमी सांगण्याचा संकोच महागात पडतो.

पहिला दिवस सपाटीवरच जातो. एका पायात पट्टी बांधून चालणे, मग दोन्ही पायांत, मग खेकड्यासारखे आडवे आडवे उतार चढणे. त्यानंतर पडणे शिकवतात: बाजूला, बसल्यासारखे, हात मागे न टेकता. थांबण्यासाठी पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची दूर करून झोपडीच्या छपरासारखा आकार करायचा असतो. याला स्नो-प्लाऊ म्हणतात. हा आकार अंगवळणी पडेपर्यंत चेअरलिफ्टने वर जाण्याचा आग्रह धरू नये. मुले हे दोन दिवसांत शिकतात, कारण त्यांना पडण्याची लाज नसते. साठीच्या आजी-आजोबांनी शिकायचेच ठरवले तर मुंबई-पुण्यातच महिनाभर आधीपासून जिने चढावेत आणि खुर्चीत बसल्याच्या अवस्थेत भिंतीला पाठ टेकून उभे राहण्याचा सराव करावा. या खेळाचा सारा भार मांड्यांवर येतो. ज्यांना शिकायचे नाही त्यांच्यासाठी वर गोरसों बुग्यालपर्यंतची पायवाट आहे आणि उन्हात बसायला जागा आहे.

खर्चाबाबत दोन गोष्टी सांगितल्या म्हणजे पुरे. रोख रक्कम जोशीमठातच काढून ठेवावी. आणि प्रवास-विमा घेताना वगळलेल्या जोखमींचे पान वाचावे; अनेक विमापत्रे साहसी खेळांतील दुखापत सरळ वगळतात, आणि मोडलेल्या पायासाठी दावा करताना ते पान प्रथम वाचणारे पुष्कळ असतात. या खेळाचा उल्लेख विमापत्रात लेखी असल्याखेरीज हप्ता भरू नये.

संध्याकाळी साडेपाचनंतर करण्यासारखे येथे काही नसते, आणि हेच या मुक्कामाचे सुख. खानावळीत राजमा-भात किंवा गहतची डाळ मिळते. गहत म्हणजे आपला कुळीथ. थंडीत तो गढवालच्या घरोघरी शिजतो. कोकणातून आलेल्या पाहुण्याला पहिल्याच घासाला ओळख पटते, आणि त्यावरून यजमानीणबाईंशी गप्पा सुरू झाल्या तर त्यांच्या घराचा तडा कोठवर आला आहे, हेही त्या सांगतात.

परतीच्या दिवशी उजाडताच निघावे, कारण घाटातील सावलीत रात्रीचा बर्फ काचेसारखा गोठलेला असतो आणि चालकाला सावकाश उतरण्यासाठी वेळ हाताशी असावा लागतो. ऋषिकेशला मुक्काम करून पुढचा एक दिवस मोकळा ठेवावा, रेल्वेचे आरक्षण त्यानंतरचे घ्यावे. रस्ता अडला तर तो दिवस उपयोगी पडतो. नाही अडला, तरी धर्मशाळेचा जिना उतरताना भरून आलेल्या मांड्यांना त्याची गरज भासतेच.