अवंतीचा भाव

नौपाडा, ठाणे

प्रिय भाचीबाई,


घोडबंदर रोडच्या डीलरकडे तू जी डीसी अवंती बघून आलीस, तिचे फोटो ताईने मला पाठवले आणि पाठोपाठ फोन केला, पोरीला जरा समजाव म्हणून. घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही. 2012 च्या ऑटो एक्स्पोत ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हापासून ती माझ्याही मनात भरलेली आहे. दोनच सीट, इंजिन सीटच्या मागे, आणि काढणारा आपल्या मुंबईचा डिझायनर. स्वतःच्या कमाईतून हौस करतेस, मला त्याचा आनंदच आहे.

फक्त डीलरने सांगितलेल्या आकड्यापासून घासाघीस सुरू करू नकोस. त्याने बावीस लाख म्हणायचं, तू अठरा, आणि विसावर व्यवहार ठरायचा. त्या विसाला आधार काय? पोलो किंवा होंडा सिटी असती तर त्याच सालच्या पाच-सहा गाड्या ठाण्यात आणि कल्याणात बघून भावाचा अंदाज आला असता. अवंतीला जोड मिळत नाही. मग तिचा भाव तिच्याच कागदांतून काढायला हवा.

पहिल्यांदा विम्याची पॉलिसी माग. तिच्यावर गाडीची किंमत लिहिलेली असते, आयडीव्ही. त्यासाठी घसाऱ्याचा ठरलेला तक्ता आहे: पहिल्या सहा महिन्यांत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, मग 30, 40 आणि पाचव्या वर्षात 50. त्यापुढे मालक आणि विमा कंपनी मिळून ठरवतील तो आकडा. ही गाडी नवी असताना शोरूमला सुमारे 36 लाखांची होती. म्हणजे पाच वर्षांची होईतो तक्त्याने ती 18 वर आली, आणि तुझी तर दहाच्या पुढे गेली आहे. अठराच्या वर एक रुपया जरी मागितला, तरी का ते त्याने सांगायचं. प्रीमियम कमी बसावा म्हणून पुष्कळ मालक आयडीव्ही खाली लिहवून घेतात. विमा कंपनीला एक किंमत आणि तुला दुसरी, असं दिसलं तर तो कागद त्याच्यापुढे ठेव. त्याच पॉलिसीवर नो क्लेम बोनस बघ. क्लेम न घेतल्यास तो 20 पासून वाढत 50 टक्क्यांपर्यंत जातो. शून्य दिसला तर क्लेम कशाचा होता ते विचार आणि गॅरेजचं बिल माग.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी अवंतीचे डिझायनर दिलीप छाब्रिया यांना अटक केली होती. एकाच अवंतीची दोन राज्यांत नोंदणी, एकाच गाडीवर एकाहून जास्त कर्जं, असे ते आरोप होते. आरोपांचा निवाडा कोर्टाचा. पण त्यामुळे या गाडीच्या बाबतीत चासी नंबर म्हणजे निम्मा भाव आहे. आरसीवरचा नंबर नुसता वाचून थांबू नकोस. नंबर जिथे ठोकलेला आहे तिथली धूळ पुसायची, पातळ कागद धरायचा आणि वरून पेन्सिल आडवी घासायची. आकडे एकेक करून उमटतात. एखादा आकडा इतरांपेक्षा खोल किंवा तिरका आला, किंवा भोवतालचा पत्रा घासलेला लागला, तर तिथूनच घरी ये, मग भाव कितीही कमी असो. हायपोथिकेशन, म्हणजे गाडीवर कर्ज आहे का, ते परिवहनच्या साइटवर तपास. बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

नंबर पुदुच्चेरीचा किंवा हरियाणाचा निघाला तर तिकडची एनओसी आणून इथला कर नव्याने भरावा लागेल. 20 लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात 13 टक्के दर आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, पण लागतोच. कल्याणची एमएच 05 ची पाटी लागेपर्यंतचा सगळा खर्च विकणाऱ्याच्या भावातून वजा. शिवाय नोंदणी पंधरा वर्षांची. 2015 ची गाडी असेल तर 2030 ला पुन्हा फिटनेस, वर हरित कर.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघ. पाणी शिरलेल्या गाडीत पट्ट्याच्या आतल्या टोकाला मातकट रेघ राहते, कितीही धुतलं तरी. जुलै 2019 ला उल्हास नदीने महालक्ष्मी एक्स्प्रेसला वांगणीजवळ अडकवलं होतं. त्या पावसात आपल्या पट्ट्यातल्या गाड्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. टायर कधी बनला ते बघ: डॉटने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. 2416 म्हणजे 2016 चा चोविसावा आठवडा. ‘फारच कमी चाललीये’ असं डीलर कौतुकाने सांगेल. उभ्या गाडीचं रबर वाळतं, आणि आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. त्या काळच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. वीस इंची चार टायर आणि इंधनाचे पाइप खर्चात धर.

चालवून बघायची ती संध्याकाळी, शिळफाट्याच्या गर्दीत, क्लचवर पाय ठेवून. पाठीमागचं इंजिन किती तापतं ते तिथे कळेल. इंजिन रेनोचं आहे, दोन लिटर टर्बो. चांगल्या मेकॅनिकला उमजेल. पुढची काच आणि दिवे यांचं मात्र आधीच विचारून घे. ते कुठून मिळणार, हे डीलरला नावानिशी सांगता आलं नाही, तर तोही खर्च वजा कर.

पॉलिसी आणि आरसीचे फोटो मिळाले की मला व्हॉट्सअ‍ॅप कर. तोवर टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नकोस. ताईशी मी बोलतो.

तुझा,
मामा