सॅन्तोरिनी: ज्वालामुखीच्या काठावर मुक्काम

एजियन समुद्रातून बोट आत वळते आणि समोर काळ्या-तांबड्या दगडाचा सरळसोट कडा उभा राहतो. त्याच्या माथ्यावर बर्फ पडल्यासारखं पांढरं काहीतरी दिसतं. बोट जवळ गेल्यावर कळतं, ती घरं आहेत.

सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि त्यात समुद्र शिरला. उरलेली चंद्रकोर म्हणजे ग्रीसमधलं आजचं सॅन्तोरिनी. राखेखाली गाडलं गेलेलं अक्रोतिरी हे नगर १९६७ पासूनच्या उत्खननात बाहेर आलं. तिथली दुमजली घरं आणि सांडपाण्याची व्यवस्था पाहून थक्क व्हायला होतं.

कुठे राहावं?

फिरा, इमेरोविग्ली आणि इया ही गावं अगदी कड्यावर आहेत. मऊ राखेच्या थरात कोरलेल्या इथल्या गुहेवजा घरांत पूर्वी खलाशी आणि गरीब लोक राहत. जहाजांच्या कप्तानांचे वाडे वर, माथ्यावर. जुलै १९५६च्या भूकंपात गावं उद्ध्वस्त झाली आणि कितीतरी कुटुंबं बेट सोडून गेली. आज त्याच गुहांमधल्या खोल्यांना सर्वांत जास्त भाडं पडतं. काळाची गंमत, दुसरं काय!

पण मुलंबाळं आणि आजी-आजोबा बरोबर असतील, तर या खोल्यांचा मोह आवरलेलाच बरा. मोटार वरच्या रस्त्यावरच थांबते, पुढे उंच पायऱ्या. खोली ठरवतानाच पायऱ्या किती आणि सामान कोण उचलणार, हे विचारून घ्यावं. ‘समुद्र दिसतो’ एवढ्यावरही भुलू नये. समुद्र बेटाच्या दोन्ही बाजूंना आहे, ज्वालामुखीचं विवर मात्र एकाच बाजूला!

पूर्वेकडच्या कामारी आणि पेरिसा या गावांत काळ्या वाळूचे किनारे आहेत, जमीन सपाट आहे आणि खोल्या बऱ्याच स्वस्त. दुपारी ती वाळू इतकी तापते की अनवाणी चालवत नाही. फिरापासून चालत जाण्याजोगं कार्तेरादोस हाही चांगला पर्याय. कड्यावरून दिसणाऱ्या देखाव्याला तिकीट नाही. फिरा ते इया ही सुमारे १० किलोमीटरची पायवाट सर्वांना खुली आहे, आणि गावोगावच्या बस फिराहूनच सुटतात.

कधी आणि कसं जावं?

जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाडी दोन्ही अंगावर येतात. मे किंवा सप्टेंबर उत्तम. हिवाळ्यात बरीच हॉटेलं बंद असतात. शेंगेन व्हिसा लागतो. अथेन्सहून विमानाने तासाभराच्या आत पोहोचता येतं. पिरेयस बंदरातून बोटीला पाच ते आठ तास लागतात, पण बेटाचं पहिलं दर्शन घ्यावं ते बोटीतूनच.

ज्वालामुखी अजून जिवंत आहे. त्याचा शेवटचा उद्रेक १९५० मध्ये झाला. २०२५च्या सुरुवातीला भूकंपाचे धक्के सतत बसू लागले, तेव्हा हजारो लोकांनी काही काळ बेट सोडलं होतं. त्यामुळे निघण्यापूर्वी ताजी बातमी पाहावी.

शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत. लाखेच्या डाळीच्या कुळातल्या इथल्या पिवळ्या डाळीचा ‘फावा’ घट्ट वरणासारखा असतो. वर कच्चा कांदा, लिंबू आणि ऑलिव्हचं तेल. पावाबरोबर पोटभर होतो.