नाण्यावर काय छापायचे?



मागच्या महिन्यात यांच्या पहिल्या पुण्यतिथीची तयारी सुरू झाली. मुलगा म्हणाला, "आई, प्रभावनेला चांदीची नाणी देऊ. एका बाजूला पप्पांचा फोटो." लक्ष्मी रोडच्या सराफाने नमुनाही मोबाईलवर पाठवला. मला ते बघवेना. का, ते मात्र सांगता येईना.

रात्री दिवाळीच्या वहीपूजनाचा डबा काढला. त्यात सासऱ्यांनी ठेवलेला 1964 चा नेहरूंचा रुपया आहे. त्यावर 1889-1964 असे कोरलेले. गांधीजींचे 1969 चे दहा रुपयांचे चांदीचे नाणेही आहे, 1869-1948. दोन सालांच्या मध्ये एक आडवी रेघ. मी कॉमर्सवाली, मला ती आरंभीची शिल्लक आणि अखेरची शिल्लक वाटते. सगळा व्यवहार त्या रेघेत!

युरोपातही ही रीत जुनी आहे. सतराव्या शतकात जर्मनीत राजघराण्यातले कुणी गेले की त्याच्या नावाने चांदीची नाणी पाडत. जन्ममृत्यूच्या तारखा आणि कधी कधी चक्क कवटी किंवा वाळूचे घड्याळ! मरण विसरू नका, म्हणून. आपल्याकडे बारा भावनांत अनित्य भावना पहिली, तिला कवटी लागत नाही.

डब्यात तळाशी यांनी जपलेले 2001 चे पाच रुपयांचे नाणे निघाले, महावीर भगवानांच्या 2600 व्या जन्मकल्याणकाचे. त्यावर चेहरा नाही. 2500 व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी, 1974-75 मध्ये, सर्व संप्रदायांनी मिळून स्वीकारलेले आपले प्रतीक आहे. स्वस्तिकाचे चार हात म्हणजे देव, मनुष्य, तिर्यंच, नरक या चार गती. त्यावर रत्नत्रयाचे तीन ठिपके आणि सर्वांत वर सिद्धशिला, जिथून पुन्हा जन्म नाही, मरणही नाही.

हे आत्ता कुठल्या गतीत असतील? फोटो छापून मी त्यांना याच घरात धरून ठेवते आहे का? (फ्रेममधल्या फोटोला मात्र मी रोज हार घालते, हेही खरे.)

सकाळी मुलाला म्हटले, फोटो नको, प्रतीक घे. तो जरा नाराज झाला. "मग पप्पांचे काय राहिले त्यात?" मी म्हटले, मागच्या बाजूला नाव घाल. तारखा घालायच्या का, यावर अजून आमचे एकमत नाही. सराफाला शुक्रवारपर्यंत कळवायचे आहे.