बोगद्याचे दुसरे टोक

व्हीपीएन हा संगणकापासून दूरच्या एका सर्व्हरपर्यंत जाणारा एन्क्रिप्टेड बोगदा आहे. संगणकातून निघणारा डेटा आधी एन्क्रिप्ट होतो, मग एका पाकिटात दुसरे पाकीट घालावे तसा नव्या पॅकेटमध्ये बसतो आणि त्या सर्व्हरच्या पत्त्यावर रवाना होतो. वाटेतली इंटरनेट कंपनी किंवा वायफायचा मालक यांना फक्त वरचे पाकीट दिसते. कोणत्या सर्व्हरकडे, किती वाजता आणि किती माहिती गेली एवढेच त्यावरून कळते. आतले पाकीट उघडते ते बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला, आणि एरवी इंटरनेट कंपनीला जे दिसले असते ते सगळे आता त्या टोकाला बसलेल्याला दिसते. विश्वास टाकावा लागतोच. तो कोणावर टाकायचा, एवढेच व्हीपीएन बदलते. माणसाच्या आयुष्यात हे टोक वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळ्या हातांत जाते, आणि लिनक्स वापरणाऱ्याला ते अखेर स्वतःच्या हातात घेण्याचीही मुभा असते.

बहुतेकांच्या आयुष्यात व्हीपीएन नोकरीबरोबर येते. आयटी विभाग एक प्रोग्राम आणि एक पासवर्ड देतो, टोक कंपनीचे असते, आणि निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ही सोय मायक्रोसॉफ्टने पुढे आणलेल्या पीपीटीपी या प्रोटोकॉलवर चालत असे. विंडोजमध्ये ती आयती मिळे, म्हणून झपाट्याने पसरली. तिची ओळख पटवण्याची पद्धत कच्ची असल्याचे सुरक्षातज्ज्ञ ब्रूस श्नायर आणि ‘मज’ या टोपणनावाचा हॅकर यांनी १९९८ मध्ये दाखवून दिले. २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी त्या पद्धतीची सुधारित आवृत्तीही मोडून काढली. आज कोणी पीपीटीपी देऊ केले, तर ते सरळ नाकारावे.

२००१ मध्ये ओपनव्हीपीएन आले. जेम्स योनान मध्य आशियात फिरत असताना त्याला आपल्या ऑफिसच्या नेटवर्कशी अनोळखी देशांतल्या जोडण्यांमधून संपर्क ठेवावा लागे, आणि त्या अस्वस्थतेतून हा प्रोग्राम जन्मला. तो मुक्त स्रोत असल्यामुळे लिनक्सवाल्यांना बोगद्याची वीट न् वीट तपासता आली. ऑफिसची व्यवस्था मात्र बहुधा दुसऱ्याच कंपनीची असे, आणि तिचा लिनक्ससाठीचा प्रोग्राम जेमतेम चाले किंवा मिळतच नसे. अशा वेळी सिस्कोच्या एनीकनेक्टसारख्या सर्व्हरशी बोलू शकणाऱ्या ओपनकनेक्टने असंख्य लिनक्सवाल्यांची नोकरीतली पंचाईत टाळली. हे काम स्वयंसेवकांनी केले, आणि त्याची जाणीव ठेवायला हवी.

२०२० च्या मार्चमध्ये दोन गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या. २५ मार्चपासून भारतभर टाळेबंदी लागू झाली आणि घराघरांतले स्वयंपाकघराचे टेबल ऑफिस बनले. २९ मार्चला लिनक्स कर्नलची ५.६ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तिच्यात वायरगार्ड हे व्हीपीएन पहिल्यांदाच समाविष्ट झाले. जेसन डोननफेल्डने लिहिलेले वायरगार्ड सुमारे चार हजार ओळींचे आहे, तर ओपनव्हीपीएन आणि त्याला लागणारे ओपनएसएसएल मिळून ओळींची संख्या लाखांत जाते. चार हजार ओळी एक जाणकार माणूस बसून वाचू शकतो, म्हणून हा फरक मोलाचा आहे. जुन्या पद्धतींमध्ये दोन्ही टोके आधी कोणते एन्क्रिप्शन वापरायचे याची बोलणी करतात आणि त्या बोलण्यांतच पळवाटा निघतात. वायरगार्डने बोलणीच काढून टाकली आणि काही निवडक, आधुनिक पद्धती पक्क्या केल्या. शिवाय अनोळखी पॅकेटला त्याचा सर्व्हर उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ता लागत नाही.

नोकरीबाहेर व्हीपीएनची गरज सार्वजनिक वायफायपाशी जाणवू लागते. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल आणि गुगलचे मोफत वायफाय सुरू झाले, पुढे ते शेकडो स्थानकांवर पोहोचले, आणि फलाटावर उभ्या माणसाला अनोळखी नेटवर्कवरून बँकेचे काम उरकण्याची सवय लागली. आता बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर चालतात, त्यामुळे पासवर्ड उघड्यावर जाण्याची भीती पुष्कळ कमी झाली आहे. कोणत्या संकेतस्थळाला भेट दिली, हे मात्र वाटेवरच्याला अजूनही बहुधा कळते. ते झाकायचे असेल तर व्हीपीएन घ्यावे. ‘संगणक संपूर्ण सुरक्षित’ अशी हमी देणाऱ्या जाहिरातींवर मात्र भिस्त ठेवू नये.

व्हीपीएनची कंपनी निवडताना पहिला प्रश्न तिच्याकडे कोणती माहिती साठते हा. स्वीडनमधल्या मुलवाड या कंपनीला नाव किंवा ईमेल लागत नाही. ती एक सोळा अंकी खाते क्रमांक देते, महिन्याला पाच युरो घेते आणि पाकिटातून पाठवलेली रोख रक्कमही स्वीकारते. २०२३ च्या एप्रिलमध्ये स्वीडिश पोलीस झडतीचे वॉरंट घेऊन तिच्या गोथेनबर्गच्या कार्यालयात आले आणि काही न घेता परतले. साठवलेलेच नव्हते ते नेणार कसे? धोरणपत्रातल्या वचनापेक्षा अशी कसोटी अधिक बोलते.

दुसरा प्रश्न कायद्याचा. २०२२ च्या एप्रिलमध्ये भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते, संपर्क आणि दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे जपून ठेवावेत असा आदेश काढला. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला त्यातून वगळले. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले प्रत्यक्ष सर्व्हर काढून घेतले. त्यामुळे भारतीय सर्व्हर मिळतो म्हणून कोणी आनंदाने कंपनी निवडत असेल, तर तो सर्व्हर खरोखर कुठे उभा आहे आणि कोणत्या कायद्याखाली येतो हे आधी पाहावे. तिसरा प्रश्न पैशांचा. सर्व्हर आणि बँडविड्थ यांचा खर्च कोणीतरी भरतोच. फुकट सेवेचा खर्च पैसे भरणारे ग्राहक उचलतात, असे प्रोटॉनसारखी कंपनी उघड सांगते. जिथे उत्पन्नाचा मार्गच दिसत नाही, तिथे ग्राहकाची माहिती विकली जात असण्याची शंका घ्यावी. याशिवाय कंपनीचा प्रोग्राम मुक्त स्रोत आहे का, बाहेरच्या तपासनीसांनी तो तपासला आहे का आणि वायरगार्डची फाइल थेट उतरवून घेता येते का, हेही पाहावे. अशी फाइल मिळाली तर लिनक्सवर कंपनीच्या प्रोग्रामची गरजच उरत नाही.

पुढची मांडणी छोटी आहे. वायरगार्ड कर्नलमध्ये असतेच. वायरगार्ड-टूल्स हे पॅकेज उबुंटू किंवा डेबियनवर एपीटीने आणि फेडोरावर डीएनएफने बसवायचे. कंपनीच्या खात्यातून उतरवलेली फाइल जेमतेम दहा ओळींची असते. तिचे भाग दोन. पहिल्यात स्वतःच्या संगणकाची खाजगी चावी, त्याचा बोगद्यातला पत्ता आणि डीएनएस. दुसऱ्यात सर्व्हरची सार्वजनिक चावी, त्याचा पत्ता व पोर्ट, आणि कोणते आयपी पत्ते बोगद्यातून न्यायचे याची ओळ. चावी ४४ अक्षरांची असते आणि तिच्या शेवटी बरोबरचे चिन्ह असते. खाजगी चावी ज्याच्या हाती पडली, तो सर्व्हरच्या लेखी तोच संगणक ठरतो. म्हणून ही फाइल इटीसीमधल्या वायरगार्ड या फोल्डरमध्ये रूटच्या मालकीची ठेवावी आणि तिची परवानगी सहाशेवर आणावी.

पत्त्यांची ती ओळ सगळ्यांत जपून लिहायची. तिथे ०.०.०.०/० लिहिले की आयपीव्ही४ ची सारी वाहतूक बोगद्यात शिरते. आयपीव्ही६ साठी दोन अपूर्णविराम, तिरकी रेघ आणि शून्य (::/०) असा वेगळा उल्लेख लागतो. भारतात मोबाइल आणि फायबर जोडण्यांवर आयपीव्ही६ सर्रास असते, त्यामुळे हा उल्लेख राहिला तर अर्धी वाहतूक बोगद्याबाहेरून जाऊ शकते आणि पडद्यावर सगळे सुरळीत दिसत राहते. फाइल तयार झाली की त्याच वायरगार्ड-टूल्समधल्या डब्ल्यूजी-क्विकला ‘अप’ सांगायचे. काही उबुंटू आणि डेबियनवर या टप्प्यावर रिझॉल्व्हकॉन्फ सापडत नाही अशी तक्रार येते आणि जोडणी गुंडाळली जाते. ते पॅकेज बसवले की अडथळा दूर होतो. संगणक सुरू होताच बोगदा उघडावा असे वाटत असेल तर ते काम सिस्टमडीवर सोपवावे. टर्मिनलची सवय नसलेल्याला हीच फाइल नेटवर्कमॅनेजरमध्ये आयात करून एका बटणावर चालवता येते.

जोडणी झाल्यावर तपासणी. डब्ल्यूजी शो ही आज्ञा दिली की सर्व्हरच्या चावीखाली शेवटचे हस्तांदोलन किती सेकंदांपूर्वी झाले ते दिसते. ही ओळच नसेल तर चावी, पोर्ट किंवा फायरवॉल यांपैकी कुठेतरी चूक आहे. हस्तांदोलन होते पण पाने उघडत नाहीत, तर बहुधा डीएनएस अडले आहे. रिझॉल्व्हसीटीएलने कोणता डीएनएस वापरात आहे ते कळते, आणि आयपी दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळावर दोन्ही प्रकारचे पत्ते पाहून घ्यावेत. बोगदा बंद पडल्यास वाहतूक उघड्या रस्त्याने जाऊ नये, यासाठी फायरवॉलमध्ये अडसर घालावा. त्याचा नमुना डब्ल्यूजी-क्विकच्या माहितीपानातच दिलेला आहे.

आयुष्याच्या पुढच्या टप्प्यावर दुसऱ्याचे टोक पुरेसे वाटेनासे होते. घरी आई-वडिलांचे फोटो, कागदपत्रे आणि बॅकअप रास्पबेरी पाय या एका लहानशा संगणकावर जमलेले असतात आणि परगावाहून किंवा परदेशातून तिथे पोहोचायचे असते. मग वायरगार्डचा सर्व्हर घरीच उभारता येतो. चाव्यांची जोडी तयार करायची, पॅकेट पुढे पाठवण्याची परवानगी कर्नलला द्यायची आणि राउटरवर ५१८२० हे पोर्ट उघडायचे. अनेक भारतीय इंटरनेट कंपन्या शेकडो घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतात, तेव्हा बाहेरून घरापर्यंत वाटच नसते. अशा वेळी स्थिर आयपी विकत घ्यावा, बाहेर एक छोटा सर्व्हर भाड्याने घ्यावा, किंवा वायरगार्डवरच उभ्या असलेल्या टेलस्केलची मदत घ्यावी. स्वतःच्या सर्व्हरने स्वतःची माहिती आपल्या ताब्यात राहते, पण निनावीपण मिळत नाही. सर्व्हर ज्याच्या नावावर, वाहतूकही त्याच्याच नावावर.

व्हीपीएनच्या मर्यादा सगळ्याच टप्प्यांवर सारख्या असतात. ब्राउझरमध्ये खात्यात लॉगिन केले की संकेतस्थळाला माणूस ओळखू येतो, मग बोगदा कितीही पक्का असो. फसवी लिंक उघडणाऱ्याला किंवा कर्नल अद्ययावत न ठेवणाऱ्याला तो वाचवू शकत नाही. बोगद्याची देखभालही संपत नाही. कंपनी बदलली, तिचे मालक बदलले किंवा कायदा बदलला की निवड नव्याने तपासावी, आणि चाव्या अधूनमधून बदलाव्यात. लॅपटॉप हरवला तर त्याची सार्वजनिक चावी त्याच दिवशी सर्व्हरवरून काढून टाकावी, म्हणजे त्या यंत्रासाठी बोगदा तिथल्या तिथे बंद होतो.