प्रयोजन : अपरिहार्य

माझा भाचा अमेरिकेत असतो. तिथे त्याच्याकडे स्वयंपाकघर, बिछाना आणि न्हाणीघर यांच्यासकट चालणारी एक मोटार आहे. तिला आरव्ही म्हणतात. म्हणजे घर सोडून जायचं, पण घर घेऊन. गेल्या दिवाळीत तो वर्ध्याला आला तेव्हा त्याने मोबाइलवर मला त्या गाडीची नोंदवही दाखवली. कुठे किती मैल झाले, ऑइल कधी बदललं, कुठल्या चाकात किती हवा, सगळं एका बोटावर. "मामा, असा लॉग ठेवायलाच हवा," तो म्हणाला, "पण आपल्याकडे हे कोणी करत नाही."

मी काही न बोलता माळ्यावर चढलो. (या वयात माळ्यावर चढणं हाही प्रवासच, त्याची नोंद मात्र कोणी ठेवत नाही.) उतरलो तो तीन जाड वह्या घेऊन.

या वह्या बाबांच्या. बाबा सरकारी कचेरीत होते आणि दौऱ्याच्या जीपगाड्यांची लॉगबुकं तपासणं हे त्यांचं काम. निघताना किलोमीटर, परतताना किलोमीटर, पेट्रोल, ऑइल, दौऱ्याचं प्रयोजन आणि साहेबांची सही. वीस वर्षं दुसऱ्यांच्या नोंदींवर लाल शाई फिरवल्यावर माणसाला स्वतःच्या नोंदी कराव्याशा वाटतात. पण त्यासाठी मोटार लागते. म्हणून १९७९ साली त्यांनी एक म्हातारी व्हॅन घेतली. आईचं मत शेवटपर्यंत असं होतं की, यांनी आधी वही आणली आणि मग वहीला गाडी शोधली.

तसा हिशोब वर्ध्याच्या पाण्यातच आहे. आठ किलोमीटरवर सेवाग्राम. गांधीजी तिथे १९३६ साली राहायला आले, तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. त्या आश्रमात कातलेल्या सुताचासुद्धा हिशोब राही. जमनालालजींच्या एका फोर्ड गाडीला पुढे बैल जुंपले होते आणि तिला गमतीने 'ऑक्सफर्ड' म्हणत, असं सांगतात. बाबांना या गोष्टीत एकच खंत वाटे. "किलो ढेपेला किती किलोमीटर पडत होते, ते कोणी लिहून ठेवलं नाही."

व्हॅनच्या मागच्या आसनांची बाबांनी हकालपट्टी केली आणि तिथे गादी घातली. एक स्टोव्ह, एक सुरई, पिठाचा डबा, दोन मुलं आणि आई. वहीत आम्ही सगळे 'भार' या रकान्यात होतो. 'प्रयोजन' हा रकाना बाबांनी कचेरीतून जसाच्या तसा घरी आणला होता. केळझरचा गणपती : देवदर्शन. बोर धरण : निसर्ग. आईचं माहेर आर्वीचं, आणि आर्वीच्या प्रत्येक फेरीपुढे सुंदर वळणदार अक्षरात एकच शब्द आहे : अपरिहार्य.

आईने तो वाचला नसेल असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मे १९८३ मध्ये आम्ही चिखलदऱ्याला निघालो. पुलगावच्या पुढे गाडी दोन उचक्या देऊन थांबली. विदर्भातला मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको. त्या उन्हात नळीतल्या पेट्रोलचीच वाफ होते, पंप नुसती वाफ ओढत बसतो आणि इंजिनाला घोटभरही मिळत नाही. उपाय एकच, पंपावर ओलं फडकं. फडकं म्हणून बाबांचा पंचा आणि पाणी म्हणून आईची सुरई. गाडी चालू झाली, आम्ही मात्र पुढच्या गावापर्यंत कोरडे. वहीतला शेरा : 'पाणी ३ लिटर, गाडीस. मुले कुरकुरली.'

नागपूरच्या एका फेरीत केळझरजवळ मीटरची केबल तुटली आणि काटा मेला. बाबांचा चेहरा असा झाला की जणू रस्ताच संपला. त्यांनी तडक हुकूम सोडला, किलोमीटरचे दगड मोजा. मी आणि ताई खिडकीला नाक लावून मोजू लागलो. माझे एकवीस झाले, तिचे तेवीस, आणि हातघाई सुरू झाली. तेव्हा मागे डुलकी काढणाऱ्या आईने एक डोळा उघडला. "अरे, दगडावर नागपूर किती ते लिहिलेलंच असतं ना! वजा करा की."

बाबा म्हणाले, "तो बांधकाम खात्याचा आकडा. आपला वेगळा."

तुम्ही म्हणाल, एवढं लिहून मिळालं काय? तर एकदा लिटरला अकराचं ॲव्हरेज आठावर आलं. गाडी तर नेहमीसारखीच पळत होती. मिस्त्री वह्या पाहून हसला. "सायेब, गाडी बिमार हाय का तुमी, तेच समजत नाई जी!" पण बाबा हटेनात. शेवटी चाक उघडलं तर मागचा ब्रेक धरून बसलेला, ड्रम चटका बसेल इतका तापलेला. त्या दिवसापासून मिस्त्री बाबांना 'डाक्टरसायेब' म्हणू लागला.

डाक्टरसायेब १९८७ साली स्वतःच बिमार पडले. छातीत दुखलं, आणि सतरा दिवस सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात होते. मी पुण्याला शिकत होतो. मला कळलं ते पाच दिवसांनी, पोस्टकार्डाने. त्या सतरा दिवसांत गाडी दारात उभी होती. चालवणारं कोणी नव्हतं. आई रोज बसने जायची आणि संध्याकाळी परतायची.

भाच्याने ते पान उघडलं आणि म्हणाला, "मामा, हे अक्षर वेगळं आहे."

ते मी त्याआधी कधी पाहिलंच नव्हतं.

आईने सतरा दिवस नोंदी ठेवल्या होत्या. निघताना किलोमीटर, परतताना किलोमीटर, दोन्ही आकडे तेच. एकूण ०. 'हवा' या रकान्यात : आहे असं वाटतं. 'तेल' या रकान्यात : फल्लीचं, २ किलो. तिसऱ्या दिवशी शेरा आहे : 'हे बोलले नाहीत.' आठव्या दिवशी : 'पेज घेतली.' अकराव्या दिवशी : 'वही भरतेस ना, म्हणून माझ्यावर चिडले. म्हणजे बरे आहेत.' बाराव्या दिवशी फक्त ०, आणि पुढे गाडीवर कुत्र्याची पिल्लं झोपतात अशी तक्रार.

घरी आल्यावर बाबांनी ते तपासलं असणार. मी लाल शाई शोधली. फल्लीच्या तेलालाही ती लागलेली नाही. शेवटच्या शून्याखाली एवढंच आहे : 'एकूण ० कि.मी. नोंदी बरोबर.' आणि खाली सही, कचेरीतली, पूर्ण.

त्यापुढे दोन महिने बाबांच्या अक्षरातली शून्यं आहेत. मग एका रविवारी :

'वर्धा ते आर्वी व परत. बॅटरी उतरलेली. धक्का : सौ. व दोन शेजारी. प्रयोजन : अपरिहार्य.'