गोदावरीत अडकलेली दिवाळी

मुदखेडला उतरणारा प्रवासी बहुधा गाडी बदलण्यापुरताच उतरतो. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे हे जंक्शन. आदिलाबादचा फाटा येथूनच फुटतो. पण जरा गावाबाहेर पडा. गुलाब, काकडा, गलांडा, झेंडू यांचे मळे पाहून गाडी चुकल्याचे दुःख वाटणार नाही!

गेल्या धनत्रयोदशीला मी तेथे मेव्हण्यांकडे होतो. तालुक्यातच गोदावरीकाठी शंखतीर्थ आहे. तेथल्या नृसिंहाचे दर्शन घेऊन आम्ही पैलतीरी एका मळ्यावर गेलो. परतताना झेंडूच्या बारा पाट्या, मळ्याच्या मालकीणबाई, नावाडी मामा आणि आम्ही दोघे, अशी नाव भरली. नावेला विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन जोडलेले होते.

ऐन मध्यावर इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि ते गप्प झाले. मामांनी हँडल मारले. इंजिन धडधडले, क्षणभर चालले, पुन्हा बंद! असे तीनदा झाले. बांबू तळाला लागेना. नाव संथपणे आडवी होऊ लागली.

"रातच्या गाडीला माल गेला न्हाई, तर वर्साची पट्टी बुडाली," मालकीणबाई एवढेच म्हणाल्या. त्या पट्टीवर मुलाची फी भरायची होती, हे मेव्हण्यांनी मला हळूच सांगितले.

मी शहरातला शहाणा. म्हटले, "मामा, पंप गेला असणार. नाहीतर नोझल." त्याच वेळी मला नेमकी आठवण झाली, की या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल 1913 साली बोटीतूनच रात्री नाहीसा झाला होता. ही माहिती मी स्वतःपाशीच ठेवली.

मामा म्हणाले, "सायेब, मोठं दुखनं मागून बघू. आधी पोट बघा." त्यांनी टाकीचे झाकण काढले. डिझेल होते, पण तळाशी. पाट्या एकाच बाजूला रचल्याने नाव कलली होती. डिझेल एका कोपऱ्यात आणि नळीचे तोंड दुसऱ्या! नळीने डिझेलऐवजी हवा ओढली होती.

डिझेल दाबले तर फारसे दबत नाही, म्हणूनच पंपाच्या जोराने नोझल उघडते. हवा मात्र स्पंजासारखी दबते. सारा जोर तीच गिळते.

आम्ही निम्म्या पाट्या दुसऱ्या बाजूला सरकवल्या. मामांनी डब्यातले डिझेल टाकीत ओतले आणि फिल्टरवरचा लहान स्क्रू सैल केला. प्रथम फेस आला, मग बुडबुडे, मग अखंड धार. स्क्रू आवळला. पंपाकडच्या नटाशीही तसेच केले. मग खटका उचलून हँडल फिरवले, वेग येताच खटका सोडला. धड्, धड्, धड्! या खेपेला आवाज थांबला नाही.

मुदखेडच्या फलाटावर बाराही पाट्या वेळेवर चढल्या. मालकीणबाईंनी ओंजळभर झेंडू माझ्या हातात दिला आणि पैशांचे नावही काढू दिले नाही.

हल्ली घरात मिक्सर बंद पडो की चिरंजीवांचा अभ्यास, मी मोठे निदान करायला निघालो की सौभाग्यवती विचारतात, "अहो, आधी टाकी पाहिलीत का?"