चार चाकांवरचं वन आरके

पुण्यात टू बीएचकेचं डाउन पेमेंट जमवता जमवता तिशी जवळ येते, असं आमच्या ग्रुपमधले सगळेच म्हणतात. आमचंही जमत आलं होतं. आणि नेमकं तेव्हाच नवरोबांच्या डोक्यात किडा वळवळला... आधी फिरतं घर घेऊ! दोघांचंही काम लॅपटॉपवर. तो आठवड्यातले चार दिवस घरून काम करतो, मी फ्रीलान्सर. म्हणजे कोणीच ‘उद्या नऊला ऑफिसला ये’ म्हणणारं नाही. मग भोरच्या धरणाकाठी बसून डेडलाइन का पाळू नये? आईचा प्रश्न मात्र एकच होता, ‘घर घ्यायच्या वयात गाडीत राहणार?’ प्रश्न रास्त होता, कारण पैसे त्याच खात्यातून जाणार होते.

नवी मोटारहोम परवडणारी नाही, हे पाच मिनिटांत कळतं. मग उरतो सेकंडहँडचा मार्ग. आपल्याकडे बहुतेक जुन्या मोटारहोम म्हणजे मुळातल्या ट्रॅव्हलर किंवा विंगर. ट्रॅव्हलर तर अस्सल आपल्या इथली. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं १९८७ मध्ये जर्मन मर्सिडीजच्या व्हॅनवरून ती काढली, पुढे २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, पण लोकांच्या तोंडी अजून ‘टेम्पो ट्रॅव्हलर’च आहे. फायदा असा, की वेल्ह्यात बंद पडली तरी हात लावणारा मिस्त्री सापडतो. इम्पोर्टेड गाडीला तिथे फक्त बघे जमतील.

आम्ही दोन गाड्या बघितल्या. एक हायवेवरच्या एका गॅरेजात, दुसरी भाटघर धरणाच्या अलीकडे एका रिटायर्ड काका-काकूंच्या अंगणात. सोबत नसरापूरकडचे एक मिस्त्री होते. त्यांची फी आधी ठरवून घेतली होती, आणि तेवढा खर्च प्रत्येकानं करावाच. मिस्त्री विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, एवढंच पथ्य.

पहिली गाडी बघताक्षणी आवडावी अशीच होती. लाकडी पॅनेलिंग, पिवळ्या दिव्यांच्या माळा, छोटंसं किचन, मागे ऐसपैस बेड. फोटो काढले तर शंभर लाइक्स नक्की! किंमत साडेनऊ लाख. मिस्त्री आत आलेच नाहीत. ते खाली वाकून चॅसी बघत होते. ‘ताई, धुऊन पुसून चकाचक केलेली गाडी दिसली की मी आधी खाली बघतो,’ म्हणाले. खाली नवाकोरा काळा रंग मारला होता. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या बाजूनं ठोकलं, तर रंगाखालून गंजाचे पापुद्रे निघाले. गाडीनं काही वर्षं कोकणात काढली होती, खारा वारा असा आतून खातो.

पण खरा घोळ आरसीवर निघाला. आत बेड, ओटा, सिंक... आणि आरसीवर चक्क स्कूल बस! म्हणजे बदल केले, पण आरटीओत कुठे नोंदच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं बनवलेल्या गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानंही ते ठणकावून सांगितलंय. मोटार कॅराव्हॅनसाठी तर एआयएस १२४ असं वेगळं मानकच आहे. गॅरेजवाला म्हणाला, ‘कोण बघतंय मॅडम? सगळे असंच वापरतात.’ पोलिस नाही बघणार कदाचित. पण आग लागली, अपघात झाला, की विमा कंपनी सगळ्यात आधी आरसी बघते. क्लेम नाकारायला तिला आयतं कारण मिळतं, आणि साडेनऊ लाख गेले ते गेलेच.

त्यातून गॅसचा सिलिंडर बेडखाली कोंबलेला. घरगुती गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साठतो. म्हणून मोटारहोममध्ये सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी जाळी लागते, आणि तो कप्पा झोपायच्या जागेपासून पक्का वेगळा हवा. इथे ना जाळी, ना कप्पा. वर झोपणार आम्ही! पुढचं काहीच बघितलं नाही. कापूरहोळला चहा मारला आणि भोरच्या रस्त्याला वळलो.

कापूरहोळ सोडलं की हायवेचा गोंगाट एकदम मागे पडतो. भोर हे संस्थानी गाव. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं, पण राजवाडा अजून रुबाबात उभा आहे आणि कुठल्या ना कुठल्या शूटिंगमुळे तुम्ही तो पडद्यावर बघितलेलाच असतो. भाटघरचं धरण १९२०च्या दशकात बांधलेलं, जुनं नाव लॉइड धरण. मागच्या पसरलेल्या पाण्याला येसाजी कंक जलाशय म्हणतात. मे महिन्यात पाणी खाली गेलं होतं, काठाला तडकलेली काळी माती. तिथून थोड्या अंतरावर आंब्याखाली काकांची गाडी. पांढरी, साधी, एका बाजूला कुंपणाला घासल्याचा ओरखडा. आत खाकी रंगाचे पडदे आणि सनमायका... अगदी सरकारी विश्रामगृह वाटावं अशी!

काका-काकूंनी ती २०१८ मध्ये तयार करून घेतली होती. गोवा, हंपी, एकदा थेट राजस्थान. गेल्या दीड वर्षात मात्र काकूंच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय. गाडीची पायरी चढवत नाही. काका म्हणाले, ‘एकट्यानं जायला गाडी कशाला हवी? मोटारसायकल आहे की.’ किंमत अकरा लाख. पळाली बेचाळीस हजार किलोमीटर.

आरसी आधी मागितली. बॉडी टाइप कॅम्पर व्हॅन, खासगी वापर. कर्ज फिटलेलं, बोजा उतरलेला. खासगी नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे २०३३ पर्यंत. इंजिन आणि चॅसी नंबर गाडीवर जाऊन जुळवले. ही पाच मिनिटं वाचवू नका. कागद बरोबर असले की मगच गाडीच्या प्रेमात पडायचं, त्याआधी नाही.

मग मिस्त्रींनी बॉनेटवर हात ठेवला. गार. ‘बरंय, आधी गरम करून ठेवली नाही.’ थंड इंजिन किती सेल्फमध्ये सुरू होतं, त्यावर बरंच कळतं. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, आणि गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट आत शिरत असेल. काकांच्या गाडीनं पहिल्याच सेल्फला थोडा धूर सोडला आणि गप्प झाली. टायरच्या बाजूला चार आकड्यांचा कोड असतो. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या टायरवर ०९१८, म्हणजे २०१८ सालचा नववा आठवडा. नक्षी शाबूत, पण रबराला केसासारख्या भेगा. मोटारहोम चालते कमी आणि उभी राहते जास्त, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात.

दोघांसाठी गाडी घेताना एक गोष्ट सगळे संकोचानं टाळतात. झोपून बघणं! आम्ही चपला काढून सरळ बेडवर आडवे झालो. काकू हसत सुटल्या. पण नवरा पावणेसहा फूट, आणि आडव्या बेडवर त्याचे पाय खिडकीला टेकतात की नाही हे मेजरिंग टेपपेक्षा लवकर कळतं. टेकत नव्हते, जेमतेम. मग आणखी एक परीक्षा... तो लॅपटॉपवर बसला आणि मी ओट्याशी चहा करायला उभी राहिले. एकमेकांना न ढकलता दोघांना वावरता येतं का? गाडी लांब घेतली तर आत जागा मिळते, पण ट्रॅव्हलरचा ४०२० मिलिमीटर व्हीलबेस वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांच्या वळणांवर फार लांब पडतो. दोघांना ३३५० पुरतो. ही तीच होती.

विजेचं गणित मात्र कागदावर मांडावं लागलं. दोन लॅपटॉप पन्नास-पन्नास वॉटचे, पाच तास काम, म्हणजे पाचशे वॉट-अवर. रात्रभर एक छोटा पंखा आणि दिवे धरले की सातशेच्या घरात जातो. साधी १२ व्होल्टची शंभर अँपियर-अवरची बॅटरी कागदावर बाराशे देते, पण लेड-अ‍ॅसिड असेल तर तिच्यातलं निम्मंच वापरावं, नाहीतर ती लवकर मरते. म्हणजे एक बॅटरी आम्हाला पुरणारच नाही. काकांकडे दोन होत्या. रात्री चार्जिंग बंद ठेवायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर लावला. एक १२.६, दुसरी १२.१. म्हणजे दुसरी अर्धी रिकामी, तिचा भरवसा नाही. छतावरचं सोलर मे महिन्यात झकास चालतं, जुलैत इथे सूर्यच दिसत नाही त्याचं काय?

मग टेस्ट ड्राइव्ह. गल्लीत एक चक्कर मारून टेस्ट ड्राइव्ह होत नाही. आधी पाण्याची ८० लिटरची टाकी भरली. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे विकत घेताना कोणी लक्षात घेत नाही. हायवेवरच्या वजनकाट्यावर आम्हा सगळ्यांसकट गाडी चढवली. आरसीवरच्या जीव्हीडब्ल्यूपेक्षा २३० किलो कमी. म्हणजे कपडे, पुस्तकं, धान्य, सायकली न्यायला वाव आहे. तिथून चेलाडी फाट्याला नसरापूर, बनेश्वरला मागे टाकत वेल्ह्याचा रस्ता. साधारण तीसेक किलोमीटर. तालुक्याचं नाव २०२५ मध्ये राजगड झालं, पण रस्ता विचारलात तर लोक वेल्हेच म्हणतात. मार्गासनीपाशी राजगडाचा फाटा फुटतो, पुढे विंझर, आणि मग समोर तोरणा असा काही उभा राहतो, की ड्रायव्हरनं समोर बघावं की वर, असा प्रश्न पडतो.

वेल्ह्यात पिठलं-भाकरी आणि इंद्रायणीचा भात झाला. परतीला मुद्दाम पाबे घाट घेतला. चढाला दुसऱ्या गिअरमध्ये तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. उतारावर मिस्त्री म्हणाले, ‘आता ब्रेक कमी, गिअरवर सोडा.’ दुसऱ्यात गाडी स्वतःला धरून होती, गिअर सुटला नाही. पण ब्रेक दाबला की किंचित डावीकडे ओढत होती. काकांना ते माहीत होतं. विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं, आणि खरं सांगते, तिथे माझं मत निम्मं पक्कं झालं.

राहिला पाण्याचा प्रश्न. मोटारहोमचा खरा शत्रू ओल. छताच्या झरोक्याभोवती, खिडक्यांच्या खालच्या कोपऱ्यात, बेडखालच्या प्लायवूडवर बोटाच्या पेरांनी टकटक करत जायचं. आवाज भरीव आला तर ठीक, पोचट आला तर प्लाय कुजलंय. मे महिन्यात सगळंच कोरडं, सगळंच ठणठणीत. काका स्वतःच म्हणाले, ‘पाऊस लागला की या. वेल्ह्याला नेऊन उभी करा आणि बघा.’ असं म्हणणारा विक्रेता परत भेटायचा नाही! तोवर व्यवहार थांबला. घरी पुन्हा एकदा फ्लॅटची चर्चा झाली, जराशी कडाक्याचीच.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गेलो. केळदच्या दिशेला, मढे घाटाच्या अलीकडे एका ओळखीच्या घराच्या अंगणात गाडी लावली, आधी विचारून. २०२१ मध्ये राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण आलं, त्यात पाणी, वीज, स्वच्छतागृहांसह कॅराव्हॅन पार्कची तरतूद आहे, पण या भागात आमच्यासाठी कोणाचं तरी अंगण हाच पार्क होता. सांडपाणी टाकीतच ठेवायचं, ओढ्यात सोडायचं नाही, हे घरमालकांनीच बजावलं. खालचं सगळं गाव तेच पाणी पितं.

पाऊस कसला, नुसता कोसळत होता. मोबाइलची रेंज एक काडी, तीही गाडीच्या पुढच्या काचेशी. नवऱ्याची मीटिंग तिथेच उकिडवं बसून झाली. रात्री अकराला झरोक्याच्या एका कोपऱ्यातून टप... टप... सुरू झालं. खाली पातेलं ठेवलं आणि मिनिटाला किती थेंब पडतात ते मोजत बसलो. पहाटेपर्यंत पातेल्याच्या तळाशी बोटभर पाणी. बाकी सगळ्या खिडक्या, कोपरे, बेडखालचं प्लाय कोरडं. सकाळी मिस्त्रींना फोन केला. ‘झरोक्याचं सील गेलंय ताई. फ्रेम काढून नवीन बसवायचं, वरून नुसतं सिलिकॉन फासू नका.’

सील, ब्रेक, एक बॅटरी आणि मागचे टायर. चारही गोष्टींचा खर्च मांडून काकांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून यादी वाचली, टायरचा भाव जास्त लावलाय म्हणाले, मग त्यांच्या टायरवाल्याला फोन लावला. तो भाव आमच्यापेक्षा हजारानं कमी निघाला. शेवटी दहा लाख चाळीस हजारांवर ठरलं. फ्लॅट दोन वर्षं लांबला. आईला अजून फक्त आकडा सांगितलाय, पातेल्याचं नाही.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या. काकूंनी पडदे धुऊन, इस्त्री करून परत लावले होते. विमा आमच्या नावावर करायला चौदा दिवस आहेत, आणि झरोका पुढच्या सोमवारी उघडायचाय, उघडीप मिळाली तर.